संगणक संथ आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क अडकते : आधी काय तपासावे?

संगणक संथ झाला की बहुतेक जण व्हायरसला दोष देतात आणि विंडोज फॉरमॅट करायला निघतात. एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर आधी ती काढून पाहा. बिघडू लागलेली डिस्क न वाचता येणारा भाग पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि तोवर विंडोज उत्तराची वाट पाहत थांबते. डिस्क काढताच संगणक पळू लागला, तर दुखणे डिस्कच्या बाजूचे आहे. टास्क मॅनेजरमध्येही हे दिसते : ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, पण वेग जेमतेम काही केबी.

डिस्क काढूनही फरक पडला नाही, तर स्टार्टअपचे नको ते प्रोग्रॅम बंद करा आणि पंख्यातली धूळ काढा. यंत्रमागाशेजारच्या ऑफिसात सुताचे तंतू पंख्यात अडकतात, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. जुन्या संगणकात एसएसडी बसवणे हा सर्वांत जाणवणारा बदल.

आता डिस्ककडे. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ५ ते ३५ अंश दिलेले असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि या डब्यांना पंखा नसतो. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत डिस्क ठेवू नका. मोठी कॉपी सकाळी करा.

केबल बदलून पाहा. यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर वीज देतो, २.० फक्त ५००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा वापरा. कित्येकदा ‘मेलेली’ डिस्क एवढ्यानेच जागी होते.

नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ‘रीॲलोकेटेड’ किंवा ‘करंट पेंडिंग’ सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर त्या डिस्कवर भरवसा संपला. मात्र ‘गुड’ हा शेरा म्हणजे हमी नव्हे.

अशा वेळी चेकडिस्क चालवायचा मोह टाळा. तो फाइल सिस्टिम दुरुस्त करतो, डेटा वाचवत नाही. शिवाय दुखऱ्या डिस्कवर आणखी ताण टाकतो. चादरीची डिझाइन, लग्नाचे फोटो, हिशेब, म्हणजे जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. सिनेमे नंतर. फाइली मध्येच अडकत असतील, तर लिनक्समधील डीडीरेस्क्यू वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अवघड जागा मागे ठेवतो. त्याची सवय नसेल, तर जाणकाराला सोबत घ्या; मूळ आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली, तर उरलेलाही डेटा पुसला जाईल.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. तिचे हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते. ते घासू लागले की प्रत्येक मिनिटाला डेटा जातो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला मोबाइलवर अजून फिरतो. त्याने आत दव धरते. झाकण उघडणेही नको. इथे डेटा रिकव्हरी प्रयोगशाळाच हवी. खर्च आणि ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ ही अट आधी लेखी घ्या, आणि डिस्क फोममध्ये गुंडाळून पाठवा.