उण्याचं टिंब

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न प्रकृतीचा नसतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती, हा असतो. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. पट्टीवरची पातळी काही उणे जायची नाही. म्हणून ती नोंदवणारा प्रोग्राम लिहिताना नवखा माणूस बेधडक 'अनसाइन्ड' प्रकार निवडेल. (साइन्ड म्हणजे सही केलेला नव्हे, अधिक-उण्याचं चिन्ह बाळगणारा.) मग पाणी 37 फुटांवर असताना ते इशाऱ्याच्या किती वर आहे हे काढायला तो 37 मधून 39 वजा करतो, आणि 32 बिटांचा संगणक सांगतो, 4294967294 फूट! जोतिबाचा डोंगरसुद्धा बुडाला की.

पातळी उणे नसते, फरक उणे असतो. घोळ इथं आहे, आणि तो फार जुना आहे.

शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याची कीर्द बघा. तिथं आकड्याला चिन्हच नाही. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. चिन्ह रकान्याचं. गणितात मात्र ते आकड्यालाच लावावं लागलं. ब्रह्मगुप्तानं 628 मध्ये त्याचे नियम धन आणि ऋण या शब्दांत बांधले, ऋण म्हणजे उसनवारीचाच शब्द. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (1150) ऋण अंकाच्या डोक्यावर टिंब येतं.

त्याच बीजगणितात माकडांचं एक कोडं आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा केले, उरलेल्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत शिरली. एक फांदीवर दिसतं. एकूण किती? उत्तरं दोन निघतात, 50 आणि 5. आचार्य 5 नाकारतात. पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. आणि समोर मोजायच्या वस्तू उणे असतात यावर लोकांचा विश्वास बसत नाही, असं त्यांचं कारण. 

यंत्रात टिंबाची जागा सगळ्यात डावीकडच्या बिटानं घेतली. जॉन फॉन नॉयमननं 1945 च्या एडव्हॅक अहवालात सुचवलेली पूरक अंकांची रीत आयबीएमच्या सिस्टिम/360 नं 1964 मध्ये उचलली आणि ती रुळली. तिची गंमत अशी, की बेरीज-वजाबाकीचं मंडल दोन्ही प्रकारांना एकच. बिटं तीच, वाचणाऱ्याची नजर वेगळी. सोळा बिटं साइन्ड वाचली तर −32768 ते 32767, अनसाइन्ड वाचली तर 0 ते 65535.

सी भाषा पीडीपी-11 वर वाढली, ते यंत्र सोळा बिटांचं. स्मृतीतले पत्ते 0 ते 65535. साइन्ड नजरेनं निम्मे पत्ते उणे दिसणार. डेनिस रिचीच्या या भाषेत 1973 नंतरच्या वर्षांत 'अनसाइन्ड' आलं. पत्त्यांसाठी ते रास्तच होतं. पण 1989 च्या प्रमाणित सीमध्ये वस्तूचा आकार सांगणारा प्रकारही अनसाइन्डच ठरला, आणि लांबी, संख्या, मोजदाद सगळं त्याच्या मागून गेलं. शिवाय एकाच रुंदीचे दोन प्रकार समोरासमोर आले की अनसाइन्डची सरशी होते: उणे एक हा एकापेक्षा मोठा ठरतो! जावानं 1995 मध्ये एका अक्षरप्रकाराचा अपवाद सोडून अनसाइन्डला दारातच अडवलं. मला ते पटतं. बिटांची उलटापालट करायची असेल तर अनसाइन्ड खुशाल घ्यावा. जिथं वजाबाकी होणार तिथं साइन्ड. 'हे कधी उणे होणार नाही' एवढ्यावर जाऊ नये.

आता ते माकडांचं कोडं अनसाइन्डमध्ये घालून पाहा. कळप पाचाचा. एकातून तीन गेले, 4294967294. त्याचा वर्ग बत्तीस बिटांत मावत नाही, वरचे अंक गळून पडतात, उरतात चार. गुहेत चार, फांदीवर एक. हिशेब जुळला, यंत्र कुरकुरसुद्धा करत नाही.