आयपीएची गोष्ट आणि माझे एकोणीस मार्क

मंडळी, आज आधी एक कबुली. गेली चार-पाच वर्षं मी एक गोष्ट दिसेल त्याला ऐकवत आलोय. टेबलावर आयपीए आली, की कोणीतरी विचारतंच, "यात 'इंडिया' कुठून आलं रे?" मग मी ग्लास खाली ठेवायचो, घसा खाकरायचो आणि सुरू व्हायचो. त्याचं असं आहे, कंपनी सरकारच्या काळात इंग्लंडहून हिंदुस्थानात जहाजाने बिअर यायची. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. बिअर बिचारी वाटेतच आंबून जायची आणि इकडे गोरे सोल्जर तहानेने व्याकूळ! मग लंडनच्या हॉजसन नावाच्या ब्रुअरने डोकं लढवलं. अल्कोहोल वाढवलं, हॉप्स दुप्पट घातले (हॉप्स हे नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह आहे, हे वाक्य जरा जोर देऊन म्हणायचं) आणि जन्माला आली इंडिया पेल एल!

गोष्ट झकास आहे. अडचण, उपाय, शोध. इंजिनिअर लोकांना आवडावी अशीच. बाटल्यांच्या लेबलांवर असते, पबच्या मेनूत असते. भानगड एवढीच, की ती खरी नाही.

हे मला कळलं ते बर्टनमध्ये. कंपनीने आठ महिने डर्बीला ऑनसाइट पाठवलं होतं. तिथून बर्टन-अपॉन-ट्रेंट म्हणजे रेल्वेने पंधरा मिनिटं. बिअरवाल्यांसाठी बर्टन म्हणजे वारकऱ्यांसाठी पंढरपूर, त्यामुळे दर दोन-तीन वीकांतांनी आमची वारी ठरलेली. एका पबमध्ये शेजारी एक आजोबा बसले होते, आयुष्यभर तिथल्याच एका ब्रुअरीत नोकरी केलेले. मी हिंदुस्थानी, हातात पेल एल, मग काय, मी त्यांनाही गोष्ट ऐकवली. बर्टनमध्ये बसून बर्टनवाल्याला! त्यांनी शांतपणे सगळी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "मग पोरा, पोर्टर कशी पोचायची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोर्टर म्हणजे लंडनच्या हमालांची काळी बिअर. ती त्याच जहाजांतून, त्याच उन्हातून, तेवढेच महिने प्रवास करून मुंबई-मद्रास-कलकत्त्याला यायची, आणि व्यवस्थित यायची. कंपनीचे साधे गोरे शिपाई प्यायचे ती मुख्यतः पोर्टरच. पेल एल होती साहेबलोकांसाठी, म्हणजे अधिकारी, व्यापारी, कारकुनीतले वरचे लोक. आता पोर्टर धडधाकट पोचत असेल, तर हॉजसनने नेमका कुठला प्रश्न सोडवला? आमच्या हापिसच्या भाषेत सांगायचं तर, ज्या बगचा फिक्स म्हणून याची ख्याती, तो बग कधी कोणी रिपोर्टच केला नव्हता.

त्या रात्री परत येऊन जालावर वाचत बसलो. मार्टिन कॉर्नेल नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने जुन्या जाहिराती, किमतींचे तक्ते, ब्रुअरींची कागदपत्रं चाळून या गोष्टीचा पार भुगा करून ठेवलेला आहे. मला वीस वर्षं उशिरा कळलं, एवढंच.

तर खरं काय झालं? पेल एल हॉजसनच्या आधीपासूनच, अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथे येत होती. गरम मुलखात पाठवायच्या बिअरला जास्त हॉप्स घालावेत हेही १७६०च्या दशकात ब्रुअर लोकांना ठाऊक होतं. म्हणजे हॉप्स जास्त होते हे खरं, पण तो कोणाचा शोध नव्हता. अल्कोहोल साधारण सहा टक्के असायचं, त्या काळाच्या मानाने अगदीच सामान्य.

जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी १७५२ची, लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात. ब्लॅकवॉलला ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची, ते तिथून अगदी जवळ. कंपनीच्या कप्तानांना स्वतःचा खाजगी माल नेऊन विकायची मुभा असे. चिनी मातीची भांडी, चीज, हॅम, टोप्या आणि बिअर. इंग्लंडहून इकडे येताना जहाजात जागा भरपूर, त्यामुळे भाडं कमी. आता कप्तान बिअर कोणाकडून घेणार? जो जवळ आहे आणि जो उधार देतो, त्याच्याकडून. हॉजसन वर्ष-दीड वर्षाची उधारी द्यायचा. जा, विका, परत या, मग पैसे द्या. संपलं! हाच तो महान शोध. कोपऱ्यावरचा वाणी आणि वही.

पण चव? इथे मात्र नशिबाने हात दिला. इंग्लंडात जमीनदारांच्या घरी 'ऑक्टोबर बिअर' करायची पद्धत होती. नव्या माल्टची, हॉप्सनी खच्चून भरलेली, दोन-दोन वर्षं पिंपात मुरवायची. हॉजसनची पेल एल त्याच घराण्यातली. ताजी असताना कडूजहर. पण लोणचं कसं मुरतं, तशीच ही मुरायची. जहाजाचं हिंदकळणं आणि विषुववृत्तावरची उष्णता यांनी तेच काम काही महिन्यांत उरकलं. मुंबईच्या धक्क्यावर पिंप उतरेपर्यंत बिअर निवळलेली, कोरडी आणि गोडवा जवळपास संपलेला. ज्या प्रवासाने ती नासते असं मी सांगत होतो, त्या प्रवासानेच ती घडवली होती. उतरल्यावर ती बाटल्यांत भरायची आणि साहेबाचा आबदार सोरा विरघळवलेल्या पाण्यात बाटल्या ठेवून त्या गार करायचा. (बर्फ बोस्टनहून जहाजाने कलकत्त्यात पहिल्यांदा आला १८३३ला. पण ती वेगळीच भारी गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी.)

मग बर्टन कुठून आलं? पोटाला चिमटा बसला म्हणून. बर्टनचे ब्रुअर गोडसर, तगडी एल बनवून रशियाला आणि बाल्टिक किनाऱ्यावर विकायचे. १८२२मध्ये रशियाने जबर जकात बसवली आणि तो धंदा बसला. नेमक्या त्याच सुमारास हॉजसनच्या वारसदारांना हाव सुटली. उधारी बंद, भाव वर, आणि कप्तानांना बाजूला सारून माल स्वतःच पाठवायला सुरुवात. ज्याच्या खांद्यावर उभे, त्यालाच लाथ! कंपनीच्या मार्जोरीबँक्स नावाच्या संचालकाने बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला गाठलं आणि हॉजसनची एल दाखवून विचारलं, अशी करता येईल? ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत केला. ही किटलीची गोष्ट खरी असेल-नसेल, एकदा पोळल्यामुळे मी आता शपथेवर काही सांगत नाही. :)

खरी मजा बर्टनच्या पाण्यात निघाली. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, धारदार उतरतो, जिभेवर रेंगाळत नाही. बर्टनची पेल एल लंडनपेक्षा सरस ठरली. ऑलसॉपपाठोपाठ बासही उतरली आणि काही वर्षांतच दोघांनी हॉजसनला मागे टाकलं. आज जगभरचे ब्रुअर आपल्या पाण्यात जिप्सम घालून ते 'बर्टनसारखं' करतात. नाव मात्र हिंदुस्थानचं.

आणि ते नावसुद्धा इथलं नाहीच. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द दिसतात ते १८२९ सालच्या सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत. ऑस्ट्रेलियात! मुंबईच्या साहेबाला 'इंडिया' सांगायची गरज काय? आपण 'पुणेरी मिसळ' अशी पाटी पुण्याबाहेरच लावतो, तसं. हॉजसनने शोध लावला ही कथा तर आणखी पुढची. १८६९मध्ये मॉलिन्यू नावाच्या लेखकाने बर्टनवरच्या पुस्तकात ती छापली आणि पुढच्या दीडशे वर्षांत सगळ्यांनी एकमेकांची कॉपी मारली. त्यात मीही आलो.

पुढचं थोडक्यात. बासचा लाल त्रिकोण हा १८७६ला इंग्लंडात नोंदलेला पहिला ट्रेडमार्क, आणि मानेच्या १८८२च्या त्या प्रसिद्ध पॅरिसच्या बारच्या चित्रातही बासच्या बाटल्या दिसतात. पण हिंदुस्थानात तोवर डायरसाहेबाने कसौलीला ब्रुअरी काढली होती (होय, जालियनवाला बागेतल्या डायरचे वडील). मग यंत्रावर बर्फ आला, थंडगार लागर आली आणि ऊन असलेल्या देशात ती जिंकणारच होती. इंग्लंडातली आयपीए विसाव्या शतकात कर आणि महायुद्धांनी पातळ होत गेली. अमेरिकेत नूअर्कची बॅलंटाइन तेवढी लाकडात वर्षभर मुरवलेली आयपीए विकत राहिली. मग १९७२ला तिथे कॅस्केड जातीचा हॉप आला, पपनसासारख्या वासाचा. १९७५ला सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने तो लिबर्टी एलमध्ये वापरला. आज आपण पुण्यात, मुंबईत, बंगळुरात आयपीए म्हणून जे पितो, ते या झाडाचं फळ. हॉजसनचं नव्हे.

इथवर आलो तेव्हा मला दरदरून घाम फुटला. कारण मी नुसती गोष्टच सांगत नव्हतो, मी मार्कही देत होतो.

बिअरला 'शैली' असते आणि त्या शैलीवर तिला जोखायचं, ही कल्पना रुजली ती मायकल जॅक्सनच्या (गायक नव्हे, बिअरवर लिहिणारा इंग्रज) १९७७च्या पुस्तकानंतर. १९८५ला अमेरिकेत परीक्षकांची संस्था निघाली, बीजेसीपी. त्यांची पन्नास मार्कांची गुणपत्रिका असते. वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण १०. आम्हा मित्रमंडळींच्या चाखण्याच्या बैठकांना मी तीच छापून आणतो. अमेरिकन आयपीए म्हणजे कडवटपणा ४० ते ७० आयबीयू, अल्कोहोल साडेपाच ते साडेसात टक्के वगैरे मला पाढ्यासारखं पाठ. गढूळ दिसली की मी मार्क कापायचो. मग २०२१च्या नियमावलीत 'हेझी आयपीए' ही स्वतंत्र शैलीच आली, आणि कालचा दोष आज गुण झाला. काळी आयपीएसुद्धा नियमात बसते, म्हणजे काळी फिकट एल! आम्ही त्यावर हसायचो, पण गुणपत्रिकेवर कधी शंका घेतली नाही.

पुण्यात २००९ साली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली, डूलाली. (हे नाव आपल्या देवळालीचं बरं का. मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट व्हायचे, त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप', त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.) त्यानंतर कितीतरी निघाल्या. अशाच एका छोट्या ब्रुअरीत माझा एक मित्र बिअर बनवतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एका लाकडी पिंपात आयपीए घातली. कोणाला न सांगता अकरा महिने ठेवली आणि मग आमच्या बैठकीला लेबल न लावता आणली.

मी वास घेतला. घोड्याचं खोगीर, ओलं चामडं, थोडं जुन्या गोधडीसारखं. हॉप्सचा फळांसारखा वास नावालाही नाही. चव एकदम कोरडी. मी सराईतपणे लिहिलं: 'ब्रेटानोमायसिसचा संसर्ग. हॉप्स उडालेले. शैलीबाहेर.' पन्नासपैकी एकोणीस. वर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचूनही दाखवलं. तो म्हणाला, "ठीक आहे रे." आणि विषय बदलला.

आता हे वाचा. ब्रेटानोमायसिस या यीस्टचा छडा १९०४मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसन नावाच्या शास्त्रज्ञाने लावला, आणि तेही मुरवलेल्या इंग्लिश बिअरमध्ये. नावाचा अर्थच 'ब्रिटिश बुरशी'. त्याचं म्हणणं होतं, की हे यीस्ट नसेल तर मुरवलेल्या इंग्लिश एलला तिची खरी चव येतच नाही. लाकडी पिंपात वर्षभर राहून, तापून, हिंदकळून मुंबईला उतरणाऱ्या बिअरमध्ये ते असणारच. म्हणजे १८२०च्या सुमाराचा साहेब जी आयपीए वाखाणून प्यायचा, तिच्या सगळ्यात जवळ जाणारा ग्लास माझ्या हातात होता. आणि मी तिला शैलीबाहेर काढलं, ज्या शैलीचा इतिहास मी दर शनिवारी लोकांना शिकवत होतो!

ती बिअर मला आवडली असती का? खरं सांगायचं तर माहीत नाही. मी तिची चव घेतलीच नव्हती, यादी घेऊन तिचे दोष मोजले होते. दुसरा घोटही घेतला नाही.

डर्बीहून परत आल्यावर त्याला फोन केला आणि हे सगळं सांगितलं, बर्टनच्या आजोबांपासून कोपनहेगनपर्यंत. त्याने हसत ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते पिंप आहे का रे अजून?"

"पिंप आहे," तो म्हणाला. "बिअर त्याच आठवड्यात गटारात ओतली. तू एकोणीस दिले होतेस ना."

रिकामं पिंप त्याच्या गोडाऊनमध्ये पडून आहे. पुढच्या शनिवारी जाऊन बघणार आहे, लाकूड अजून बरं असेल तर माल्टचे पैसे मी घालतो असं म्हणालोय. तो अजून हो म्हणालेला नाही.