एक यंत्र, दोन विद्यार्थी

१/ अभियंता घडतो कुठे, वर्गात की कारखान्यात? विसाव्या शतकाच्या आरंभी हर्मन श्नायडर या अमेरिकी प्राध्यापकाने उत्तर दिले : दोन्हीकडे, आळीपाळीने.

२/ १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात २७ विद्यार्थ्यांवर हा प्रयोग सुरू झाला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावण्यात आल्या. एका आठवड्यात जोडीतला एक जण वर्गात, तर दुसरा कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे मालकाचे यंत्र कधी थांबत नसे आणि विद्यार्थ्याला मजुरी मिळे.

३/ श्नायडरचे विचार ऐकून मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्गच्या कारखानदारांनी ही पद्धत आपल्या गावात आणण्याचे ठरवले. १९०८ साली ती तिथल्या हायस्कुलात सुरू झाली. पहिले वर्ष पूर्णपणे शाळेचे. पुढची तीन वर्षे एक आठवडा शाळेत, एक आठवडा कारखान्यात.

४/ शनिवारी शाळेतला मुलगा कारखान्यात जाई आणि जोडीदाराकडून काम कुठवर आले ते समजून घेई. सोमवारी तो तेच काम तिथूनच पुढे नेई.

५/ घरच्या गरजेपायी शिक्षण सोडून मजुरीला लागणाऱ्या मुलांना आता कमाईसाठी शाळा सोडावी लागत नव्हती. कारखानदाराला शिकलेले हात मिळत होते. शाळेलाही गणित आणि आरेखनाचे धडे प्रत्यक्ष कामाशी जुळवावे लागत होते. ही भागीदारी केवळ सदिच्छेवर उभी नव्हती. प्रत्येकाला काही द्यावे लागे, तसे प्रत्येकाच्या पदरात काही पडेही.