गिरगाव ते दादर : एका बिऱ्हाडाची निवड

आमच्या माळ्यावर आजोबांच्या हिशेबाच्या सात वह्या होत्या. किराणा, दूध, शाळेची फी, गावी पाठवलेली मनीऑर्डर, असा रोजचा जमाखर्च. मी व्यवसायाने हिशेबतपासनीस. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. चाळिशीत जुन्या मुंबईचा नाद लागला, तेव्हा सुट्टीच्या दिवशी अहवाल आणि जुनी वर्तमानपत्रे चाळत बसू लागलो. त्या वह्या मात्र घरच्याच म्हणून कधी नीट पाहिल्या नव्हत्या. गेल्या वर्षी मुलीने मोठे घर शोधायला सुरुवात केली आणि त्या निमित्ताने १९३६ची वही उघडली.

शेवटच्या पानावर पेन्सिलीने आखलेला एक तक्ता आहे. डावीकडे तीन नावे : गिरगाव, दादर, पारले. वर सहा रकाने : भाडे, पाणी, शाळा, गाडी, हवा, शेजार. प्रत्येक चौकटीत खूण, फुली किंवा प्रश्नचिन्ह. शेजाराच्या रकान्यात तेवढे खुणेऐवजी शब्द आहेत.

घर शोधणाऱ्या कोणत्याही कुटुंबाचा तक्ता आजही थोड्याफार फरकाने असाच निघेल. पण जसजसा एकेक रकाना तपासत गेलो, तसतसे लक्षात आले, की आजोबांना जे प्रश्न पडले होते ते त्यांच्या जन्माआधीपासून शहराने घडवून ठेवलेले होते. उत्तरेही बरीचशी ठरलेली होती.

*

आधी गिरगावचे बिऱ्हाड. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दीड खोली. आजी-आजोबा, चार मुले, आजोबांची विधवा बहीण आणि शिकायला म्हणून कोकणातून आलेला धाकटा भाऊ, अशी आठ माणसे. नववे येण्याच्या वाटेवर होते. नळ आणि संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून. पुरुष आणि मोठी मुले रात्री गॅलरीत पथाऱ्या टाकत. पावसाळ्यात तेही बंद. माझी थोरली आत्या सांगायची, की अभ्यास करायचा तो जिन्यातल्या दिव्याखाली, आणि एखाद्याचे बोट भाजले तरी तिसऱ्या बिऱ्हाडातून कोरफड येई.

ही चाळ आपल्या साहित्याने पुष्कळ रंगवली आहे, आणि त्यात खोटे काही नाही. १८९३ साली याच गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पण आठवणींच्या ओघात एक गोष्ट सुटते. चाळ ही पुष्कळांच्या लेखी कायमची जागा नव्हतीच. गाव पाठीशी आहे, मुंबईत नोकरीपुरते राहायचे, या समजुतीवर ती उभी होती. बायकामुले मुंबईत आली, मुले इथेच शिकू लागली आणि गावी जाणे मे महिन्यापुरते उरले, तेव्हा दीड खोली अपुरी पडू लागली.

*

तक्त्यातला ‘हवा’ हा रकाना मला प्रथम गमतीचा वाटला. मुंबईत हवा ती काय पाहायची? पण त्या शब्दामागे प्लेग आहे.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत माणसे मिळेल त्या गाडीने, बोटीने शहर सोडून गेली. १८९१च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती; १९०१मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, हे त्या साथीचे माप. घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. अर्थ असा, की हे घर माणसांच्या वस्तीला अयोग्य आहे.

उंदरावरच्या पिसवांचे कोडे तेव्हा सुटले नव्हते. रोग दाटीत, ओलीत, अंधारात आणि कोंदट हवेत जन्मतो, असा सरकारी समज होता. त्या समजातून १८९८ साली कायदा होऊन मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते कापले. आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणजे तेव्हाचा सँडहर्स्ट रोड, आणि शामळदास गांधी मार्ग म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीट. हे रस्ते रहदारीसाठी तर होतेच, पण समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून वस्तीत शिरावा हाही हेतू होता. त्यासाठी जी घरे पडली, त्यांतली गरीब माणसे कुठे गेली, हा प्रश्न ट्रस्टला शेवटपर्यंत नीट सोडवता आला नाही. १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

ट्रस्टचे दुसरे काम उत्तरेकडे चालले होते. दादर, माटुंगा, शीव, वडाळा या भागांतली भातखाचरे आणि खाजणे घेऊन, भराव टाकून, तिथे आखीव रस्ते, बागा आणि भूखंड पाडायचे. तळमजला आणि वर दोन मजले एवढीच उंची, इमारतीभोवती मोकळी जागा, असे नियम. मंचरजी जोशी यांच्या खटपटीने पारशी कॉलनी उभी राहिली, शेजारी हिंदू कॉलनी, पलीकडे माटुंग्याला दाक्षिणात्यांची वस्ती. निखिल राव यांनी या वसाहतींचा इतिहास इंग्रजीत साक्षेपाने लिहिला आहे, आणि एका साध्या गोष्टीकडे माझे लक्ष त्यांच्यामुळे गेले : तिथल्या घरांत संडास आणि मोरी दाराच्या आत आली.

आज हे वाचून कोणाला नवल वाटणार नाही. पण सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात, स्वयंपाकघरापासून चार हातांवर संडास ही केवढी उलथापालथ होती! त्यावर तोड निघाली ती अनेक जुन्या इमारतींच्या मागच्या अंगाला अजून दिसते : लोखंडी, गोल फिरत जाणारा जिना. सफाई करणाऱ्याने तिकडून वर यायचे आणि तिकडूनच खाली जायचे. घर आधुनिक झाले आणि जात मागच्या जिन्याने आत आली.

*

शाळेचा रकाना आजोबांनी दोनदा गिरवलेला आहे. दादरसमोर ‘किंग जॉर्ज’ असे लिहिले आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या इंडियन एज्युकेशन सोसायटीची ही शाळा हिंदू कॉलनीतली. आजची राजा शिवाजी विद्यालय. पारल्यासमोर ‘टिळक’. लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरात, १९२१मध्ये, पारल्याच्या रहिवाशांनी काढलेली पार्ले टिळक विद्यालय ही ती शाळा. दोन्ही ठिकाणी बरोबरची खूण आहे. नव्या वस्त्यांत देऊळ आणि बाजार यांच्या आधी किंवा बरोबरीने शाळा उभी राहिली, हे मला महत्त्वाचे वाटते. वतन नाही, जमीन नाही, अशा पगारदार माणसाला मुलांच्या हाती द्यायला शिक्षणाखेरीज काय होते?

गाडीच्या रकान्यात दादर सरळ जिंकते. हार्बरवर १९२५ साली पहिली विजेची गाडी धावली, आणि १९२८मध्ये बी.बी.सी.आय.वर कुलाबा-बोरिवली. दादरला दोन्ही रेल्वे, शिवाय ट्राम. फोर्टातल्या कचेरीत जाणाऱ्याला एवढे पुरे होते. पारले मुंबईच्या हद्दीबाहेर होते. उपनगरे शहरात यायला १९५० उजाडले. पारल्याच्या पाण्यापुढे ‘विहीर?’ असे प्रश्नचिन्ह आहे, आणि मला वाटते, पारले तिथेच मागे पडले. हवेत मात्र त्याला दोन खुणा आहेत.

भाड्याबद्दल एक गोष्ट आजच्या वाचकाला सांगितलीच पाहिजे. तिसाव्या दशकात दादर-माटुंग्याला इमारती झपाट्याने झाल्या आणि भाडेकरू कमी पडले. गॅलऱ्यांवर ‘टु लेट’च्या पाट्या लटकत. भाडेकरू चार ब्लॉक पाहून पाचवा पसंत करी. दुसरे महायुद्ध आले, बांधकामे थांबली, माणसे वाढली; १९४७चा भाडेनियंत्रण कायदा आला, पागडी रूढ झाली. त्या पाट्या उतरल्या त्या उतरल्याच. म्हणजे मध्यमवर्गीय भाडेकरूने मुंबईत आपली वस्ती खरोखर निवडली, असा काळ जेमतेम दहा-बारा वर्षांचा. माझे आजोबा नेमके त्या फटीत सापडले.

*

पण पाटी सगळ्यांसाठी होती का?

शेजाराच्या रकान्यात दादरपुढे दोन शब्द आहेत : ‘आपली माणसे’. वहीत घडी घालून ठेवलेली एक चिठ्ठी आहे. आमच्याच ज्ञातीतल्या एका गृहस्थाने घरमालकाला लिहिलेली शिफारस : कुटुंब चांगले, आपल्यापैकी, भाडे वेळेवर देतील. अशी चिठ्ठी तेव्हा रिवाजच होती. १९१५मध्ये श्री. सु. तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला जी सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था झाली, तिच्यापासून भाडेकरूंना एकत्रितपणे मालक होता येते हा थोर विचार मुंबईत रुजला. आणि सहकार हा ज्ञातीपासून सुरू करावा हेही त्याच्याबरोबर रुजले. परक्या शहरात माणूस ओळखीच्या माणसावर विश्वास टाकतो, हे मी समजू शकतो. पण त्या विश्वासाला कुंपण असते, आणि कुंपणाबाहेर कोण राहिले ते हिशेबाच्या वहीत सहसा लिहिलेले नसते.

आमच्या वहीत ते आहे. तक्त्याच्या मागच्या बाजूला, शाईने, तीन ओळी. कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे नाव आहे. ते मी देत नाही. पगाराने ते आजोबांच्या वरचे. पुढे लिहिले आहे : ‘तीच पाटी, तेच घर. त्यांस नाही म्हणाले. आपण काही बोललो नाही.’

आजोबांनी दुसरीकडे कुठेही मनातले लिहिलेले नाही. सातही वह्या मी पुन्हा पुन्हा पाहिल्या.

हे वाचल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दोन निवास एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय राहवत नाही. परदेशातून शिकून ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. काही दिवसांत काठ्या घेतलेली माणसे दारात आली. मित्रांकडे सोय झाली नाही, आणि त्यांनी गाडीच्या वेळेपर्यंतचे तास एका बागेत काढले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मुंबईत ते परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. बी.आय.टी. म्हणजे तोच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दोन खोल्या, त्यांतली एक ग्रंथांची. पुढे तिसाव्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले आणि तिथे राहायला गेले. रमाबाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी याच घरात झाले.

म्हणजे एकाच ट्रस्टची चाळ आणि त्याच ट्रस्टने आखलेली कॉलनी, असा तो प्रवास. अंतर फार नव्हे. माझ्या आजोबांनी तसाच प्रवास एका चिठ्ठीवर केला. बाबासाहेब त्या कॉलनीत गेले ते भाडेकरू म्हणून नव्हे, स्वतः घर बांधून. गिरणी कामगारांपुढे तर हा तक्ताच नव्हता. त्यांच्यासाठी सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली, आणि संडास पुन्हा गॅलरीच्या टोकाला.

*

आमचे बिऱ्हाड १९३६च्या दिवाळीनंतर दादरला गेले. तीन खोल्यांचा ब्लॉक, आत मोरी, आत संडास, मागे तो गोल जिना. माझ्या वडिलांचे शिक्षण तिथे झाले, आत्या पदवीधर झाली. त्या तक्त्याने आमच्या घराचे भले केले, यात शंका नाही.

आजीला मात्र कोणी विचारले नव्हते. आत्याच्या सांगण्याप्रमाणे पहिले वर्षभर ती दुपारी दार उघडे टाकून बसे. समोरच्या बिऱ्हाडाने दार लावून घेतलेले असे. ‘इथे रडायला खोली आहे, पण ऐकायला कोणी नाही,’ असे ती म्हणायची. शेजारात आपली माणसे होती, पण शेजार नव्हता. आजोबांच्या सहा रकान्यांत ही नोंद कुठे बसवायची, मला कळलेले नाही.

मुलीकडे आता पाच माणसे आहेत : ती दोघे, दोन मुले आणि तिची सासू. तिनेही तक्ता केला आहे, संगणकावर. शाळा आणि गाडी आहेच. हवेच्या जागी प्रदूषण आहे, आणि पार्किंग नवे आहे. गेल्या महिन्यात एका दलालाचा फोन आला. किती खोल्या, किती बजेट, हे विचारण्याआधी त्याने आडनाव विचारले. जावयाचे आडनाव ऐकल्यावर म्हणाला, ती जागा कालच गेली. आठवड्याने तीच जागा माझ्या आडनावाने विचारली. रिकामी होती.

या वेळी मी बोललो. जे बोललो त्याचा दलालावर परिणाम झाला असेल असे वाटत नाही. पण घरी येऊन वहीच्या त्या पानाची प्रत काढली आणि मुलीला दिली. पुढची बाजू आणि मागचीही. तिने दोन्ही वाचल्या आणि म्हणाली, ‘बाबा, त्या सहकाऱ्यांचे पुढे काय झाले?’ मी शोधतो आहे.

रविवारी आम्ही मुलुंडला एक जागा पाहायला जाणार आहोत. नळाला पाणी किती वाजता येते, हे मी अजूनही पहिल्यांदा विचारतो.