एक राज्य, दोन विद्यापीठे : वॉशिंग्टनमधील ज्ञानाची वाटणी

अमेरिकेच्या संघराज्यात उच्च शिक्षणाचा कारभार मुख्यतः घटक राज्यांच्या हाती आहे, आणि राज्याच्या तिजोरीतून चालणाऱ्या विद्यापीठांत त्या राज्याच्या रहिवाशांना बाहेरच्या विद्यार्थ्यांपेक्षा बरेच कमी शुल्क भरावे लागते. त्यामुळे बारावीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलामुलींच्या घरांत पहिला विचार होतो तो आपल्याच राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचा. देशाच्या वायव्य टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेल्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचे शहर वॉशिंग्टन ते निराळे) ही निवड प्रामुख्याने दोन नावांभोवती फिरते : सिअ‍ॅटलचे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, ज्याला बोलताना ‘यूडब’ म्हणतात, आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे ‘वाझू’. आज ही निवड बहुतेक घरांत वरचे कोणते आणि खालचे कोणते अशा क्रमवारीच्या भाषेत होते. या दोन संस्थांचा इतिहास मात्र क्रमवारीचा नसून वाटणीचा आहे. कोणते ज्ञान कोठे शिकवायचे हे या राज्याने जमीन, पाऊसमान आणि विधिमंडळातील ओढाताण यांच्या आधारे ठरवले, आणि त्यातील मोठा भाग कायद्याच्या कलमांत लिहून ठेवला.

वॉशिंग्टनला घटक राज्याचा दर्जा मिळाला तो १८८९ साली. त्याआधी तो ‘टेरिटरी’, म्हणजे केंद्र सरकारच्या देखरेखीखालचा प्रदेश होता. राजधानी, तुरुंग आणि विद्यापीठ या तीन गोष्टी आपल्या पदरात पडाव्यात म्हणून त्या प्रदेशातील विरळ वस्तीची गावे एकमेकांशी झगडत होती. सिअ‍ॅटलच्या वाट्याला विद्यापीठ आले. आर्थर डेनी यांनी, आणि थोड्या प्रमाणात चार्ल्स टेरी व एडवर्ड लँडर यांनी, गावालगतच्या टेकडीवर मिळून १० एकर जागा दिली आणि ४ नोव्हेंबर १८६१ रोजी वर्ग सुरू झाले. विद्यापीठ म्हणण्याजोगे विद्यार्थी तेव्हा त्या गावात नव्हतेच. शिकायला येणारी बहुतेक मुले शाळकरी वयाची होती, पैशांअभावी संस्था अनेकदा बंद पडली, आणि पहिली पदवी दिली गेली ती १८७६ साली, क्लारा मॅकार्टी या तरुणीला. १८९५ मध्ये विद्यापीठ शहराबाहेरच्या आजच्या जागेत गेले, पण जुनी १० एकर जागा त्याने विकली नाही. ती आता सिअ‍ॅटलच्या भर व्यापारी वस्तीत आहे आणि तिच्या भाड्याचे उत्पन्न विद्यापीठाला अजूनही मिळते.

दुसऱ्या संस्थेचे मूळ वॉशिंग्टन राज्याच्या बाहेर, २ जुलै १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मंजूर केलेल्या मॉरिल कायद्यात आहे. या कायद्याने प्रत्येक राज्याला त्याच्या सिनेट व प्रतिनिधिगृहातील दर सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन दिली. ती विकून उभ्या राहणाऱ्या निधीतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारे निदान एक महाविद्यालय चालवावे, अशी अट होती. अशा संस्थांना ‘लँड ग्रँट’, म्हणजे जमिनीच्या देणगीवर उभी राहिलेली महाविद्यालये, म्हणतात. ही जमीन कोणाची होती हे येथेच सांगायला हवे : पश्चिमेकडील बहुतेक क्षेत्र मूळ रहिवासी जमातींकडून दबावाखाली झालेल्या करारांनी, आणि अनेक ठिकाणी युद्धानंतर, काढून घेतलेले होते. मॉरिल कायद्यात आणखी एक वाक्य होते, ज्यावर पुढे अनेक दशके वाद झाला. शेती आणि यंत्रविद्या हा मुख्य हेतू सांगताना इतर शास्त्रे व साहित्यविद्या वगळू नयेत, असेही त्यात म्हटले होते. जमिनीच्या देणगीवर उभे राहिलेले महाविद्यालय हे निव्वळ शेतकी शाळा आहे की शेतीसह सर्व काही शिकवणारे विद्यापीठ, हा प्रश्न कायद्याने उघडाच ठेवला.

इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांनी जमिनीची देणगी आपल्या एकाच राज्य विद्यापीठाला दिली, तर मिशिगन, इंडियाना, आयोवा, ओरेगन यांनी राज्य विद्यापीठाच्या जोडीला वेगळे शेतकी महाविद्यालय ठेवले. वॉशिंग्टन दुसऱ्या गटात गेले. राज्य होताना त्याला शेतकी महाविद्यालयासाठी ९०,००० एकर आणि ‘सायंटिफिक स्कूल’साठी आणखी १,००,००० एकर मिळाले. मार्च १८९० च्या कायद्याने या दोन्ही देणग्या एकाच नव्या संस्थेच्या नावे झाल्या, आणि १८९१ मध्ये ती संस्था राज्याच्या पूर्व टोकाला, पुलमन या लहान गावी न्यायचे ठरले. ही संस्था आपल्याकडे हवी असलेल्या याकिमा गावाच्या लोकांनी या निर्णयाविरुद्ध न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, पण पुलमन टिकले. १३ जानेवारी १८९२ रोजी विटांच्या एका बैठ्या, एकमजली इमारतीत वर्ग भरले. त्या इमारतीला विद्यार्थी ‘क्रिब’ म्हणत.

पुलमन का, या प्रश्नाचे उत्तर नकाशावर दिसते. कॅस्केड पर्वतरांग राज्याचे उभे दोन भाग करते : पश्चिमेला समुद्राचे वारे, भरपूर पाऊस, देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांची जंगले, बंदरे आणि लाकडाच्या गिरण्या, तर पूर्वेला पर्वताच्या आडोशाचा कोरडा पट्टा आणि त्याच्या शेवटी ‘पलूस’ नावाचा गव्हाचा मुलूख. वाऱ्याने वाहून आलेल्या बारीक मातीच्या थरांनी बनलेल्या पलूसच्या गोलाकार टेकड्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गव्हाने झाकलेल्या असतात. पश्चिम महाराष्ट्रातील पर्जन्यछायेचा माणदेश ज्याला ठाऊक आहे, त्याला एका डोंगररांगेने शेती आणि राजकारण दोन्ही कसे दुभंगतात हे समजावून सांगावे लागत नाही. सिअ‍ॅटलपासून साडेचारशे किलोमीटरवर पडणारे पुलमन म्हणजे पूर्वेकडील शेतकऱ्यांनी राज्याच्या तिजोरीवर मिळवलेला हक्क होता. १८९३ ते १९१५ पर्यंत अध्यक्ष असलेल्या एनॉक ब्रायन यांनी तो हक्क शेतकी वर्गांपुरता मर्यादित राहू दिला नाही. त्यांच्या काळात विल्यम स्पिलमन या अध्यापकाने कडाक्याच्या थंडीत तगून राहील अशा गव्हासाठी संकर केले आणि मेंडेलच्या कामाची माहिती नसताना दुसऱ्या पिढीत गुणांचे ठरावीक प्रमाण हेरले. १९०१ साली मांडलेले हे निष्कर्ष आनुवंशिकतेच्या इतिहासात आजही नोंदले जातात.

याच काळात या राज्याशी मराठी माणसाचा पहिला ठळक संबंध आला, आणि तो सुखाच्या दिवसांत आला नाही. ४ सप्टेंबर १९०७ रोजी राज्यातील बेलिंगहॅम येथे गोऱ्या जमावाने लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या, बहुतांशी शीख असलेल्या भारतीय मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. त्यानंतरच्या वर्षांत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे पॅसिफिक किनाऱ्यावर शिकत होते. ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदर चळवळीच्या आरंभीच्या संघटकांत गणले जाणारे खानखोजे शेतीशास्त्राकडे वळले, ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात शिकले आणि पुढे पुलमनला आले, जेथील त्यांचे शिक्षण १९१३ मध्ये पुरे झाले. तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे मात्र अभियांत्रिकीसाठी सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात गेले होते, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात याच चळवळीतील कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर पिंगळे फासावर गेले, तर मायदेशाचे दार बंद झालेले खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाले आणि मका व गव्हाच्या सुधारणेत त्यांनी नाव मिळवले. एकाच राज्यातील दोन सरकारी संस्थांपैकी कोणती धरायची हे या तरुणांसाठी शहराच्या नावलौकिकावर ठरले नाही. पाण्याविना शेती कशी करावी हे ज्याला शिकायचे होते, त्याची वाट पुलमनकडेच जात होती.

१९१५ आणि १९१६ मध्ये दोन्ही संस्थांना नवे अध्यक्ष मिळाले : सिअ‍ॅटलला हेन्री सुझालो आणि पुलमनला अर्नेस्ट हॉलंड. दोघेही शिक्षणशास्त्राचे जाणकार होते आणि दोघांनाही आपली संस्था राज्याची प्रमुख संस्था व्हावी असे वाटत होते. एकाच राज्याने अभियांत्रिकी, औषधनिर्माण, गृहशास्त्र हे विषय दोन ठिकाणी का पोसावेत, हा करदात्यांचा प्रश्न विधिमंडळात गाजत होता. केंद्र सरकारच्या शिक्षण विभागाकडून राज्यातील संस्थांची पाहणी करवून घेण्यात आली, आणि १९१७ साली विधिमंडळाने कायदा करून विषयांची वाटणी केली. ‘मेजर लाइन्स’, म्हणजे पदवीपर्यंत नेणाऱ्या मुख्य विद्याशाखा, असा शब्द वापरून कायद्याने तीन गठ्ठे केले : काही शाखा एकट्या सिअ‍ॅटलच्या, काही एकट्या पुलमनच्या, आणि काही दोघांच्या सामाईक. कायदा, वैद्यक, ग्रंथालयशास्त्र, मत्स्यविद्या या सिअ‍ॅटलच्या बाजूला गेल्या. सर्व शाखांसह शेती, पशुवैद्यक आणि ग्रामीण जीवनाला लागू होणारे अर्थशास्त्र पुलमनला मिळाले. साहित्य, मूलभूत विज्ञाने, औषधनिर्माण, स्थापत्य व यांत्रिक अभियांत्रिकी हे दोन्हीकडे राहिले.

या सामाईक गठ्ठ्याचे मोल मोठे आहे. तो नसता तर पुलमनची संस्था शेतकी शाळा म्हणून उरली असती आणि पूर्वेकडील गव्हाच्या शेतकऱ्याच्या मुलीला इंग्रजी साहित्य किंवा रसायनशास्त्र शिकायला पर्वत ओलांडावा लागला असता. मॉरिल कायद्यातील ते एक वाक्य ब्रायन आणि हॉलंड यांनी हट्टाने धरून ठेवले म्हणून हे टळले, आणि हा त्यांचा हट्ट राज्याच्या भल्याचाच ठरला. सुझालो यांना १९२६ मध्ये राज्यपाल रोलंड हार्टली यांच्या बाजूच्या विश्वस्तांनी पदावरून दूर केले, पण त्यांनी उभारलेल्या भव्य ग्रंथालयाला त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचेच नाव देण्यात आले. पुलमनच्या ग्रंथालयाच्या नावात हॉलंड आहेत.

याशिवाय चेनी, एलेन्सबर्ग आणि बेलिंगहॅम येथे ‘नॉर्मल स्कूल’ होती, म्हणजे आपल्याकडील ट्रेनिंग कॉलेजाप्रमाणे शिक्षक घडवणाऱ्या संस्था. १९७७ मध्ये त्यांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तोवर पुलमनचे महाविद्यालयही १९५९ पासून विद्यापीठ म्हणवू लागले होते.

वाटणीचे सर्वांत दूरगामी फळ मात्र गव्हाच्या शेतात आले, आणि ते भारतापर्यंत पोहोचले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून ‘नोरिन १०’ या बुटक्या गव्हाचे बियाणे अमेरिकेत आले. खत दिले की उंच वाढून ओंबीच्या भाराने लोळणाऱ्या गव्हावर हा बुटकेपणा उपाय ठरेल, हे ओळखून पुलमन येथील ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचे स्थानिक जातींशी संकर केले. त्यातून १९६१ मध्ये ‘गेन्स’ ही जात आली. त्याआधीच, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, व्होगेल यांनी आपले बियाणे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पाठवले होते. त्यातून निपजलेल्या बुटक्या मेक्सिकन गव्हाचे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ मध्ये आयात केले आणि हरितक्रांती सुरू झाली. ज्या संस्थेला सिअ‍ॅटलपासून लांबचे शेतकी कॉलेज म्हणून कमी लेखले गेले, तिच्या प्रयोगक्षेत्राचे ऋण भारतातील कोट्यवधी ताटांवर आहे.

१९१७ च्या रेषा कायम राहिल्या नाहीत, पण त्या पुसायला जवळजवळ शतक लागले. सिअ‍ॅटलचे वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी स्थापन झाले आणि पुढची सत्तर वर्षे राज्यातील एकमेव सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालय राहिले. पूर्वेकडील ग्रामीण भागात डॉक्टरांची टंचाई असताना पुलमनला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय काढता येत नव्हते, कारण कायदा आड येत होता. पुलमनचे तत्कालीन अध्यक्ष एल्सन फ्लॉइड यांनी हा बंध तोडण्यासाठी विधिमंडळात चिकाटीने प्रयत्न केले. १ एप्रिल २०१५ रोजी दुरुस्तीवर राज्यपालांची सही झाली, आणि त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत फ्लॉइड कर्करोगाने वारले. त्यांच्या नावाने स्पोकेन येथे सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात २०१७ मध्ये ६० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. शेती आणि पशुवैद्यक मात्र आजही कायद्याने पुलमनकडेच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या मागोमाग बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेल या सिअ‍ॅटललगतच्या सरोवरापलीकडच्या गावांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा इतिहास बहुधा सांगितला जात नाही. त्यांच्या घरांत ‘यूडब’ आणि त्यातही संगणकशास्त्र हीच निवड गृहीत धरली जाते. तेथे प्रवेश न मिळाल्यास १९९० पासून चालू असलेले बॉथेलचे उपकेंद्र किंवा दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात बदली, हे मार्ग नाइलाज म्हणून पाहिले जातात, आणि पुलमनचे नाव त्याहूनही मागे पडते. सिअ‍ॅटलच्या संगणकशास्त्र विद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन स्वतः पुलमनला दोन वर्षे शिकले होते, ही गोष्ट त्या घरांत कोणी काढत नाही. शाखा कोणती हवी हे आधी ठरवावे आणि ती शाखा कोणत्या संस्थेत किती काळापासून, कोणाच्या गरजेतून वाढली आहे हे मग पाहावे. पशुवैद्यक व्हायचे असलेल्या मुलीसाठी या राज्यात पहिल्या क्रमांकाचे सरकारी विद्यापीठ पुलमनचेच आहे, कारण दुसरे नाहीच.