अंकातून सुटलेला लेख

विद्यापीठीय ग्रंथालयांच्या इतिहासात १९९० नंतरच्या दशकाने वाचनाचे एककच बदलले. ह्या बदलाचे मूळ मात्र जागेच्या अडचणीत होते. नियतकालिकांच्या बांधीव खंडांनी अमेरिकेतील ग्रंथालयांची कपाटे भरून गेली होती. त्यावर उपाय म्हणून मेलन प्रतिष्ठानचे अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी ‘जेस्टोर’ची कल्पना मांडली. मिशिगन विद्यापीठाच्या साहाय्याने अर्थशास्त्र व इतिहास ह्या विषयांतील १० नियतकालिकांवर प्रयोग झाला आणि १९९५ मध्ये स्वतंत्र संस्था उभी राहिली.

पृष्ठांच्या प्रतिमा जशाच्या तशा घेतल्या गेल्या. शोधासाठी त्यांतील मजकूर वेगळा साठवला गेला. त्यामुळे वर्गणीदार ग्रंथालयातील विद्यार्थ्याला एका शब्दावरून लेख सापडू लागला आणि मूळ पृष्ठांकांसह तो छापून घेता येऊ लागला. ही सोय मोठीच होती. परंतु खंड चाळताना शेजारी भेटणारी परीक्षणे, टिपणे, प्रत्युत्तरे त्याला अंतरली. नियतकालिकातील लेख हा बहुधा चालू वादातील एक उद्गार असतो; वादापासून तोडून वाचला की त्यातील मत सिद्धांतासारखे भासू लागते. छापील प्रतीच्या पहिल्याच पानावरील तीन आकडी पृष्ठांक ही त्या तुटलेल्या संवादाची खूण होय. अंकातील उर्वरित पानेही त्याच संग्रहात आहेत. त्यांकडे वळण्याची जबाबदारी तेवढी आता ग्रंथालयाकडून अभ्यासकाकडे आली आहे.