गणपतीला ईव्हीने कोकणात जायचंय? रेंज, चार्जिंग आणि गावच्या घरातल्या सॉकेटचं सगळं गणित

मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता सर्रास दिसतात. ऑफिसला जाणं-येणं, मुलांची शाळा, भाजी-बाजार यासाठी इलेक्ट्रिक कार म्हणजेच ईव्ही सोयीची आहे, हे बहुतेकांना पटलंय. पण गणपती जवळ आले की घरात एक प्रश्न हमखास निघतो. "ही गाडी सावंतवाडीपर्यंत जाईल का?"

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, हो, जाते. मात्र पेट्रोलच्या गाडीसारखं 'निघू, वाटेत बघू' हे इथे चालत नाही. गाडीची बॅटरी किती मोठी आहे यापेक्षा वाटेत कुठे थांबायचं, तो चार्जर बंद असला तर काय करायचं आणि गावात गाडी कुठे लावायची, ही तीन उत्तरं निघण्यापूर्वी हातात असणं जास्त महत्त्वाचं आहे.

कंपनी सांगते ती रेंज खरी का नसते?

भारतात गाडी विकण्यापूर्वी तिची अधिकृत चाचणी होते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही त्यातली प्रमुख संस्था. या चाचणीत वेग, थांबे आणि तापमान हे सगळं ठरलेलं असतं. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी पडतो. पण चार माणसं, डिकीत मखर आणि सामान, वर मुसळधार पाऊस आणि सतत चालू एसी असा प्रवास त्या चाचणीत नसतो.

उदाहरण म्हणून टाटा नेक्सॉन ईव्हीचं ४५ किलोवॅट-तास बॅटरीचं मॉडेल घेऊ. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. म्हणजे या बॅटरीत ४५ युनिट वीज मावते. चाचणीनुसार तिची रेंज ४८९ किमी आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र साडेतीनशे किमीच्या पुढेमागेच रेंज मिळेल, असं कंपनी स्वतःच सांगते.

हायवेवर बॅटरी शंभरावरून शून्यावर कुणी नेत नाही. साधारण १५-२० टक्के शिल्लक ठेवावी लागते. एका युनिटला ७ किमी हा सावध हिशेब धरला, तर ४५ युनिटच्या गाडीत एका चार्जिंगमध्ये निर्धास्तपणे २५० किमी मिळतात. नियोजन करताना हाच आकडा डोक्यात ठेवायचा.

वेग वाढवला की रेंज का घटते?

पेट्रोलची गाडी शहरात जास्त इंधन खाते आणि हायवेवर कमी. ईव्हीचं उलट आहे. शहरात प्रत्येक ब्रेकला मोटर उलटं काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. मोकळ्या हायवेवर ब्रेक लागत नाही, आणि हवेचा विरोध मात्र सतत असतो.

हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किमीवरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. १२० वर गेलात की सव्वादोनपट. गाडीच्या टपावर कॅरिअर बांधून सामान लादलं तर त्यात आणखी भर. त्यामुळे बॅटरी कमी वाटत असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वेग ८० वर आणणं. एसी बंद करून घामाघूम होण्यापेक्षा याने जास्त किमी वाचतात.

मुंबई ते सावंतवाडी : प्रत्यक्ष हिशेब

मुंबई-गोवा महामार्गाने सावंतवाडी सुमारे ४९० किमी आहे. वर सांगितलेली ४५ युनिटची गाडी घरून पूर्ण चार्ज करून निघाली, तर प्रवास साधारण असा होईल.

• मुंबई ते महाड, सुमारे १७० किमी : साधारण २४ युनिट खर्च. महाडला पोहोचताना ४५ टक्के बॅटरी शिल्लक. इथे ८५ टक्क्यांपर्यंत चार्जिंग.

• महाड ते हातखंबा, सुमारे १५५ किमी : कशेडी, खेड, चिपळूण, संगमेश्वर मागे टाकून रत्नागिरीच्या फाट्यावर पोहोचताना ३५ टक्के शिल्लक. इथे ८० टक्क्यांपर्यंत चार्जिंग.

• हातखंबा ते सावंतवाडी, सुमारे १६५ किमी : लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ करत पोहोचताना २५-३० टक्के शिल्लक.

म्हणजे दोन थांबे. ६० किलोवॅटचा चार्जर मिळाला तर प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास. तसंही एवढ्या प्रवासात चहा आणि जेवणासाठी दोनदा थांबणं होतंच. फरक एवढाच, की हॉटेल आवडीने नाही, चार्जर बघून निवडायचं.

महाडच्या आधीच चार्जिंग कशाला, ४५ टक्के तर आहे, असं वाटू शकतं. गणपतीच्या गर्दीत तेच शहाणपणाचं. पुढचा चार्जर बंद निघाला किंवा तिथे रांग असली, तर त्याच्याही पुढच्या चार्जरपर्यंत जाता आलं पाहिजे. लांबच्या प्रवासात ईव्ही चालवणाऱ्याने पाळायचा पहिला नियम हाच.

दुसरा पर्याय पुणे-सातारा-कोल्हापूरमार्गे जाऊन गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली घाटाने खाली उतरण्याचा. अंतर थोडं वाढतं, पण पुणे-बंगळुरू महामार्गावर चार्जर जास्त आहेत. त्यामुळे एक बंद असला तरी दुसरा जवळ सापडतो.

सगळे चार्जर सारखेच असतात का?

नाही. आणि नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नकाशावर चार्जरचं चिन्ह दिसलं म्हणजे काम झालं असं नसतं.

• साधा १५ अँपिअरचा सॉकेट : ताशी जेमतेम ३ युनिट. मोठी बॅटरी भरायला १४ ते १७ तास.

• एसी चार्जर, सुमारे ७ किलोवॅट : सोसायटी किंवा हॉटेलच्या मुक्कामासाठी ठीक. रात्रभरात गाडी भरते. वाटेतल्या थांब्यासाठी उपयोगाचा नाही.

• डीसी फास्ट चार्जर, ३० किलोवॅट : १० ते ८० टक्के व्हायला तासाहून थोडा जास्त वेळ.

• डीसी फास्ट चार्जर, ६० किलोवॅट किंवा जास्त : तेच काम पाऊण तासाच्या आत.

भारतातल्या बहुतेक नव्या इलेक्ट्रिक कारना डीसी चार्जिंगसाठी 'सीसीएस-टू' प्रकारची गन लागते. ॲपमध्ये चार्जर शोधताना हा प्रकार आणि किलोवॅट दोन्ही बघून घ्या. एकाच मशीनला दोन गन असतील आणि दोन्हीकडे गाड्या लागल्या, तर अनेक ठिकाणी वीज वाटली जाते आणि वेळ वाढतो.

८० टक्क्यांनंतर बॅटरी सुरक्षित राहावी म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. शेवटच्या २० टक्क्यांना बऱ्याचदा आधीच्या ४० टक्क्यांइतका वेळ जातो. म्हणून मागे रांग असेल तर ८० ला गन काढून गाडी बाजूला घेणं हे आपल्याही फायद्याचं आणि मागच्याच्याही.

रांगेचं काय?

पेट्रोल पंपावर पुढे सहा गाड्या असल्या तर दहा-पंधरा मिनिटांत नंबर लागतो. दोन गनच्या चार्जरवर पुढे सहा गाड्या असतील आणि प्रत्येकीला ४० मिनिटं लागणार असतील, तर दोन तास गेलेच. गणपतीच्या आदल्या दोन रात्री आणि गौरी-गणपती विसर्जनानंतरच्या परतीच्या दिवशी ही वेळ येऊ शकते.

शक्य असेल तर दोन दिवस आधी निघा. मुख्य नाक्यावरच्या हॉटेलऐवजी दहा-वीस किमी अलीकडचा किंवा पलीकडचा चार्जर निवडा. रात्री निघणार असाल तर तो चार्जर चोवीस तास सुरू असतो का, हे फोन करून विचारा. अनेक चार्जर हॉटेलच्या आवारात असतात आणि रात्री गेट बंद होतं.

टाटा पॉवर ईझी चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी पल्स अशी प्रत्येक कंपनीची ॲप वेगळी असतात. अनेकांत आधी वॉलेटमध्ये पैसे भरावे लागतात. घाटात आणि आडगावात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. त्यामुळे ॲप डाउनलोड करणं, नोंदणी आणि वॉलेट ही कामं घरूनच करून निघा.

ट्रॅफिकमध्ये अडकलो तर बॅटरी संपेल का?

ही भीती सगळ्यात जास्त असते, पण ती फारशी खरी नाही. गाडी उभी असताना मोटरला वीज लागत नाही. लागते ती एसी, दिवे आणि स्क्रीनला. ती तासाला साधारण १ ते दीड युनिट. माणगावच्या कोंडीत तीन तास गेले तरी ४५ युनिटच्या बॅटरीतले ७ ते १० टक्के कमी होतील. अर्थात, ते १० टक्के जवळ असले पाहिजेत.

घाट आणि पाऊस

घाट चढताना बॅटरी झपाट्याने उतरते आणि नवखा चालक घाबरतो. आंबोलीचा साधारण ६०० मीटरचा चढ चढायला माणसांनी भरलेल्या गाडीला नेहमीच्या खर्चावर सुमारे साडेतीन युनिट जास्तीचे लागतात. म्हणजे सपाट रस्त्यावरचे २५ किमी. उतरताना यातला बराचसा भाग परत मिळतो, सगळा नाही. एक लक्षात ठेवा, बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि मोटरचा ब्रेक कमी लागतो. त्यामुळे घाटमाथ्यावर १०० टक्के चार्ज करून लगेच उतरू नये.

पावसाचं म्हणाल तर बहुतेक गाड्यांच्या बॅटरीला 'आयपी ६७' दर्जा असतो. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये, अशी चाचणी झालेली असते. वाहत्या पाण्यातून गाडी घालण्याचा हा परवाना नव्हे. पुलावरून पाणी जात असेल तर कोणतीही गाडी वाहून जाऊ शकते. पावसात चार्जिंग करता येतं, फक्त गनचं तोंड आणि गाडीचा पोर्ट कोरडा आहे ना, ते बघा.

गावच्या घरात चार्जिंग : इथे खरी काळजी घ्या

गावी पोहोचलं की खिडकीतून वायर काढून गाडी लावायची, असा अनेकांचा बेत असतो. धोका इथेच आहे. गाडी १२-१५ तास सलग ३ किलोवॅट वीज ओढते. गिझरही तेवढीच ओढतो, पण तो अर्ध्या तासात बंद होतो. जुन्या घरातली बारीक वायर, सैल सॉकेट किंवा गुंडाळलेली एक्स्टेन्शन कॉर्ड एवढ्या वेळात तापून वितळू शकते. घरात आरास, पताका आणि पाहुण्यांची गर्दी असताना हा धोका घेऊ नये.

• गणपतीच्या आधीच गावच्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर अनेक गाड्यांचा चार्जर सुरूच होत नाही.

• मीटरजवळून जाड वायर ओढून स्वतंत्र १५ अँपिअरचा सॉकेट आणि एमसीबी बसवा. घराचा मंजूर वीजभार पुरेसा आहे का, ते बिलावर बघा.

• एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. इन्व्हर्टरवर गाडी लावू नका.

• संध्याकाळी गावात व्होल्टेज कमी असेल तर चार्जिंग रात्री उशिरा लावा. वीज गेल्याची तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते.

देवगड, मालवण, गुहागर, दापोली अशा महामार्गापासून आत असलेल्या भागांत फास्ट चार्जर तुरळक आहेत. म्हणून महामार्ग सोडण्यापूर्वीच येण्याजाण्याइतकी बॅटरी भरून घ्या. परतीच्या आदल्या रात्री गाडी १०० टक्के करा, म्हणजे निघताना पहिल्याच चार्जरच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही.

खर्च किती वाचतो?

घरच्या विजेचा दर युनिटला १० रुपये आणि चार्जरवरचा दर कर धरून २२ रुपये मानला, तर वरच्या प्रवासाला एका बाजूने साधारण १,३०० ते १,४०० रुपये लागतात. लिटरला १५ किमी देणाऱ्या पेट्रोल कारला, १०४ रुपये दराने, सुमारे ३,४०० रुपये. सार्वजनिक चार्जरचे दर ठिकाणानुसार बदलतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळे ॲपमधला दर बघून घ्या.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. अटल सेतूवर कारचा एकेरी टोल २५० रुपये आहे. टोल नाका ओलांडल्यावर फास्टॅगचा मेसेज तपासा. पैसे कापले गेले असतील तर तक्रार करा.

वाटेत बॅटरी संपलीच तर?

गाडी एकदम बंद पडत नाही. आधी इशारे देते, मग वेग आणि ताकद कमी करते. तेव्हाच सुरक्षित जागी, शक्यतो हॉटेल किंवा वस्तीजवळ, गाडी बाजूला घ्या. कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. दोरी बांधून गाडी ओढू देऊ नका. चाकं फिरली की मोटरही फिरते आणि नुकसान होऊ शकतं. गाडी पूर्ण उचलून ठेवणारा सपाट ट्रक, म्हणजे फ्लॅटबेड, पाठवा असं फोनवर स्पष्ट सांगा.

निघण्यापूर्वी एका कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये दोन ठरलेले चार्जर, दोन पर्यायी चार्जर, त्यांचे फोन नंबर आणि गावच्या वायरमनचा नंबर लिहून ठेवा. नेटवर्क गेलं तरी ही यादी हाताशी राहील.